एक तुझं, एक माझं

"एकट्यानं वाजवायचं म्हणजे स्वतःच्याच घरात पावणं म्हणून जायाचं, म्याडम. चहा बी आपणच ठेवायचा आणि 'कशाला, नको नको' बी आपणच म्हणायचं."

हे वाक्य अण्णांनी मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी त्यांच्याकडे वरची खोली बघायला गेले होते. पाणी किती वाजता येतं, एवढंच मी विचारलं होतं. त्यांनी पाण्याचं सांगितलं, मी नोकरी कुठे करते ते विचारलं, आणि मग का कोण जाणे, एकट्यानं संगीत वाजवण्यातला कमीपणा मला समजावून सांगितला. मी 'बरं' म्हटलं. अण्णा वाट बघत उभे राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आता तुमचं."

"माझं काय?"

"मी एक बोललो. आता तुम्ही एक बोला."

मी ग्रंथपाल आहे. मला बोलायची सवय कमी आणि लोकांना गप्प करायची जास्त. मला काहीच सुचेना, म्हणून मी खोली घेते असं सांगून टाकलं. त्या खोलीत मी अकरा वर्षं राहते आहे. अण्णांना जाऊन आता आठ महिने झाले आहेत, आणि अजूनही जिन्यावरून उतरताना माझी पावलं तळमजल्याच्या दाराशी जरा रेंगाळतात. कुणीतरी एक वाक्य टाकेल आणि माझ्या वाक्याची वाट बघेल, असं वाटतं.

अण्णा कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका जुन्या गूळव्यापारी जैन घरातले थोरले. साठीच्या पुढचे, बिनलग्नाचे, अंगात पांढरा सदरा, डोक्याला टोपी, आणि व्यवसायानं डीजे. घरचा व्यापार धाकटे बंधू बघत. अण्णांच्या मालकीची एक साउंड सिस्टीम होती. ती लग्नामुंजींना भाड्यानं जाई. तिच्याबरोबर कामगार जात, अण्णा जात नसत. एक तर सूर्य मावळल्यावर ते पाण्याशिवाय काही घेत नसत, त्यामुळे कुठल्याही समारंभाचं जेवण त्यांना चुकायचंच. दुसरं म्हणजे, नवरदेवाच्या मित्रांनी सांगितलेली गाणी लावणं याला ते वाजवणं मानत नव्हते. "ते हाटेल हाय. आर्डर आली, दिलं," असं म्हणायचे.

त्यांचं खरं वाजवणं रविवारी दुपारी, भावाच्या गुळाच्या गोदामात. त्यासाठी गाणी ज्या पेन ड्राइव्हवर असत, ते त्यांनी स्वयंपाकघरातल्या गोल मसाल्याच्या डब्यात ठेवलेले होते. सात वाट्या, सात स्वभाव. हळदीच्या वाटीत सावकाश चालणारे, मोहरीच्या वाटीत तडतडणारे, मिरचीच्या वाटीत जे होते ते त्यांनी माझ्या आठवणीत फक्त दोनदा काढले. वाजवताना पायात काही घालायचे नाहीत. आणि वाजवायचे ते कायम जोडीनं. दोघांनी एकाच टेबलामागे उभं राहायचं आणि आळीपाळीनं एकेक ट्रॅक लावायचा. एक तुझं, एक माझं. पुढचं काय लावणार हे दुसऱ्याला सांगायचं नाही. डीजे लोकांत याला बॅक टू बॅक म्हणतात, असं मला कॉलेजातल्या मुलांनी सांगितलं. अण्णा नुसतं 'जोडीनं' म्हणत, जसं सत्यनारायणाला नवराबायको जोडीनं बसतात तसं.

हे वेड त्यांना गुळानं लावलं. तरुणपणी एकदा भर मे महिन्यात म्हापशाच्या व्यापाऱ्याकडे गूळ पोचवायला ते टेम्पो घेऊन गेले होते. वाटेत समुद्र बघावा म्हणून आडवाटेला वळले. तिथं एका झापाच्या मांडवात, दुपारच्या उन्हात, दोन परदेशी माणसं टेबलामागे उभी राहून वाजवत होती.

"एक उंच, गोरा. दुसरा बुटका, जपानी का कुठला. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, म्याडम. मी विचारलंतं तिथल्या पोराला. पण असले बोलत होते दोघं! ह्यानं एक लावायचं, त्यानं ऐकायचं, मग त्यानं त्याला उत्तर द्यायचं."

"भांडत होते का?"

"भांडत बी होते, लाडात बी येत होते. मी तीन तास हललो न्हाय."

तीन तासांत टेम्पोतला गूळ पाझरला आणि सगळे रवे, म्हणजे ढेपा, एकमेकांना चिकटून त्यांचा एकच डोंगर झाला. म्हापशाच्या व्यापाऱ्यानं तो पहारीनं फोडून घेतला म्हणतात. धाकटे बंधू ही गोष्ट आजही कालच घडल्यासारखी सांगतात.

गोदामात वाजवण्याची परवानगी बंधूंनी कशी दिली हे कोडं नाही. अण्णांनी ती मागितलीच नव्हती. गुळाच्या हंगामात गोदाम रव्यांनी भरलेलं असलं की आवाज जड आणि गोलसर यायचा. आषाढात ते रिकामं झालं की तोच आवाज पत्र्यावर आपटून अंगावर यायचा. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी अण्णा भावाला फोन करत, "आत माल किती हाय रे?" आपला भाऊ अखेर धंद्यात लक्ष घालतोय या आनंदात बंधू सगळा तपशील सांगत. अण्णा "बरं बरं" म्हणत मसाल्याचा डबा उघडून त्या मापानं पेन ड्राइव्ह निवडत.

त्यांचा जोडीदार तानाजी. गारगोटीच्या अलीकडे एका गावात त्याचा चार म्हशींचा गोठा. अण्णांपेक्षा पंचवीस वर्षांनी तरी लहान. व्यालेल्या म्हशीला चारायला गूळ न्यायला म्हणून तो एकदा गोदामात आला आणि आतला आवाज ऐकून म्हशीला विसरला. तो गावच्या यात्रेत कर्णे लावायचा, तारा जोडायचा, एवढंच त्याचं शिक्षण. अण्णांनी त्याला तीन महिने नुसतं ऐकायला उभं केलं आणि मग टेबलामागे घेतलं.

दोघांच्या वेळा जुळवणं मोठं अवघड. तानाजीला पाचच्या आत धारेला घरी पोचायचं असे. अण्णांना सूर्य मावळायच्या आत भावाकडून आलेला डबा खायचा असे. म्हणून कार्यक्रम दुपारी एक ते तीन. बाहेर ऊन मी म्हणत असताना आत तीस-चाळीस माणसं नाचत असत: इंजिनिअरिंगची मुलं, सकाळची ड्युटी आटोपून आलेली एक नर्स, आणि बाजारातले काही हमाल. हमाल नाचत नसत. ते रव्यांच्या थप्पीला टेकून बसत आणि मधूनच "अंऽऽ हां!" म्हणत. आतून त्यांना जास्त कळतंय असं मला वाटायचं.

मी पहिल्यांदा गेले ती पुस्तक घेऊन. चार रविवार मी ते वाचण्याचा प्रयत्न केला. पाचव्या रविवारी अण्णांनी एक लांबलचक, काळाकभिन्न ट्रॅक लावला. पाच मिनिटं त्यात काही घडतच नव्हतं, फक्त मधून मधून कुठेतरी लांब, भांड्यावर नख वाजावं तसा एक बारीक आवाज. मग तानाजीची पाळी आली. त्यानं अण्णांचं सगळं हळूहळू काढून घेतलं आणि तेवढा एक नखाचा आवाज ठेवला. आणि त्याच्याखाली एक 'थक-थक, थक-थक' आणून सोडलं. अण्णा दचकले. मग त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि असे हसले की पुढच्या ओळीतल्या मुलांनी नाचायचं थांबून त्यांच्याकडे पाहिलं.

ते 'थक-थक' तानाजीच्या धार काढायच्या यंत्राचं होतं. त्यानं गोठ्यात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणलं होतं. यंत्र मिनिटाला साठ ठोके टाकायचं, त्यानं त्याची दुप्पट केली होती. "एकशेवीस!" अण्णा नंतर गल्लीभर सांगत सुटले. "नाचायचा खरा ठेका एकशेवीसच. म्हशीला कळतंय ते ह्या इंजिनेरांना कळंना!"

त्या दिवशी मी पुस्तक मिटलं. आमच्या ग्रंथालयात कधीकधी एखादं पुस्तक असं परत येतं की त्याच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं काही लिहिलेलं असतं. नियमानं मी दंड करायला हवा. पण ते पुस्तक मी आधी घरी नेते. लेखकाच्या साध्या वाक्यापाशी कुणा अनोळखी माणसाला काहीतरी तिसरंच सुचलेलं असतं, आणि आता ते वाक्य पूर्वीसारखं साधं राहिलेलं नसतं. गोदामात दर सात-आठ मिनिटांनी तेच होत होतं, फरक इतकाच की इथं लेखक शेजारीच उभा होता आणि त्याला समासातलं वाचून लगेच पुढचं पान लिहायचं होतं.

मी हे अण्णांना सांगितलं. त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी सलग पाच वाक्यं बोलायची सूट घेतली.

"आपलं वाजवणं सोपं हाय, म्याडम. त्याचं चालू असताना गप उभं ऱ्हायाचं, ते अवघड. त्या येळंला डोक्यात आपलंच पुढचं चालू झालं की संपलं! ऐकायचं. त्यानं कुठं आणून सोडलंय ते बघायचं आणि तिथनं निघायचं."

गणपतीच्या दिवसांत अण्णा दारं-खिडक्या लावून बसत. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला आवाज सोसत नाही. त्यांना आवाजाचं काही नव्हतं. एकदा दोन मंडळांचे ट्रॅक्टर चौकात समोरासमोर आले आणि दोघांच्याही भिंतीएवढ्या स्पीकरांतून वेगवेगळी गाणी सुटली. माझ्या खिडकीची काच थरथरत होती. अण्णा खालून ओरडले, "बघा म्याडम! दोघं हायत, समोरासमोर हायत, आणि एक जण दुसऱ्याचं ऐकंल तर शपथ!"

आणि अशा माणसाचं त्याच्या जोडीदाराशी भांडण झालं, तेही एका ट्रॅकवरून.

ते समजायला वाजवण्याची रीत थोडी सांगायला हवी. अण्णा हेडफोन फक्त डाव्या कानाला लावत. उजवा कान उघडा. उजव्या कानानं गोदामात चाललेलं तानाजीचं ऐकायचं, डाव्या कानात आपलं पुढचं ऐकायचं, दोन्हींची पावलं एकावर एक पडू लागली की मगच टेबलावरची आवाजाची सरकपट्टी वर ढकलून आपलं बाहेर सोडायचं. पावलं जुळली नाहीत तर दोन बैल दोन दिशांना पळावेत तसं होतं. अण्णा त्याला 'गाडी घसरणं' म्हणत. वीस-पंचवीस वर्षांत त्यांची गाडी घसरली नव्हती, आणि या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता. बाकी सगळ्या बाबतीत ते नम्र होते.

त्या वर्षी त्यांचं हेडफोनशी बिनसलं. आवाजच येत नाही म्हणून त्यांनी एक बदलला. दुसराही तसाच निघाला. तिसऱ्या वेळी ते राजारामपुरीतल्या दुकानदाराशी इतके भांडले की तो म्हणाला, "अण्णा, मी घालून बघितला, मला ऐकू येतंय की!" त्यावर अण्णा म्हणाले, "तुला कशाला विकायलाय? मला विकायलाय न्हवं?"

आणि मग एका रविवारी, वैशाखात, तानाजीनं दोन वाजवली.

तानाजीचा ट्रॅक संपत आला होता. अण्णांनी आपला तयार केला, मान डोलावली, सरकपट्टी वर ढकलली. बाहेर आला तो तानाजीचाच दुसरा ट्रॅक. नाचणाऱ्यांना काही कळलं नाही. हमालांना कळलं. त्यातला एक उठून उभा राहिला. अण्णांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"दोन?"

"हात गेला, अण्णा."

"हात कसा जातोय? पिऊन आलायस?"

"न्हाय."

"मग?"

"वाजवलं. चुकलं."

अण्णांनी पेन ड्राइव्ह वाट्यांत घातले, मसाल्याच्या डब्याचं झाकण लावलं, डबा काखोटीला मारला आणि भर उन्हात अनवाणी घरी चालत आले. मागून एक हमाल चपला घेऊन आला. "अण्णा, इसरलासा," म्हणाला. अण्णा म्हणाले, "त्यानं माझी पाळी खाल्ली रे." जेवणाच्या ताटात कुणी हात घालावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

पुढचे काही महिने त्यांनी जोडीदार शोधले. इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला, त्यानं विचारलं, "अण्णा, मी लिस्ट आधीच पाठवू का?" अण्णा म्हणाले, "लगीन हाय व्हय, पत्रिका छापायला?" मग लग्नात वाजवणारा एक जण आला. तो दर दोन मिनिटांनी माइक हातात घेऊन "कोल्हापूऽऽर, आवाऽऽज!" असं ओरडे. अण्णा त्याला म्हणाले, "आवाज तूच करालायस की! त्यांच्याकडनं कशाला मागालायस?" एकदा त्यांनी मलाही उभं केलं. मी निवड करायला इतका वेळ लावला की त्यांचा ट्रॅक संपून गोदामात शांतता पसरली. "म्याडम, ग्रंथालय न्हवं हे," अण्णा हताशपणे म्हणाले.

या काळात तीन-चारदा त्यांची गाडी घसरली. दोन ठेके एकमेकांच्या पायात पाय घालून धडपडत पुढे गेले. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आदरानं नाचत राहिली. अण्णांनी कधी हेडफोनला, कधी जोडीदाराला दोष दिला. मला ते नव्या धर्तीचं काही असावं असं वाटलं, आणि मी ते त्यांना कौतुकानं सांगितलंही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचे दोन दिवस मी मागच्या जिन्यानं गेले.

शेवटी ते एकटेच वाजवू लागले. तेही त्यांच्या पद्धतीनं. एक ट्रॅक टेबलाच्या डाव्या बाजूला उभं राहून, टोपी घालून लावायचे. मग टोपी काढायची, वळसा घालून उजव्या बाजूला यायचं, दुसरा लावायचा. उजव्या बाजूचे अण्णा जरा खोडकर वाजवत. मुलं कौतुकानं म्हणायची, "अण्णा, विषय हार्ड!" हमाल मात्र येईनासे झाले. त्यांच्या मुकादमाला मी कारण विचारलं. तो म्हणाला, "आमास्नी बगवत न्हाय, बाई."

भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व संपलं की क्षमावणीचा दिवस येतो. वर्षभरात जाणता-अजाणता ज्याला दुखावलं असेल त्याची हात जोडून क्षमा मागायची. अण्णा ते मनापासून करत. वायरमनपासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांच्या दारी जात. माझ्याकडे दर वर्षी पहिल्यांदा येत. "उत्तम क्षमा, म्याडम. माझ्या आवाजानं वर्षभर तुमच्या वाचनात व्यत्यय आला, त्याची क्षमा असावी." मी क्षमा करत असे. ते खाली जाऊन लगेच आवाज सुरू करत. नव्या वर्षाचं खातं उघडायला दहा मिनिटंही लागत नसत.

त्या वर्षी ते माझ्या दारात बराच वेळ उभे राहिले. "टेम्पो काढलाय," म्हणाले. "तान्याकडं जाऊन येऊ. तुम्ही चला. मी एकटा गेलो तर भांडून येईन."

आम्ही पोचलो तेव्हा धारेची वेळ झाली होती. तानाजी गोठ्यातून हात पुसत बाहेर आला आणि अण्णांच्या पाया पडला. त्याच्या बायकोनं अंगणात खाट टाकली, चहा आणला. अण्णांनी हात जोडले.

"उत्तम क्षमा, तानाजी. मी तुला चार माणसांत बोललो. माझं चुकलं."

"असू दे की, अण्णा."

इथं थांबले असते तर सगळं नीट झालं असतं. पण अण्णांना राहवलं नाही.

"पण दोन वाजवलीस तू."

"वाजवली."

"का पण?"

"हात गेला."

"हात असा जात न्हाय, तान्या! खरं सांग की!"

तानाजी कप उचलायला वाकला. तेव्हा त्याची बायको, जिला मी तोवर एक शब्दही बोलताना ऐकलं नव्हतं, तिनं चहाची किटली दाणकन खाली ठेवली.

"हे न्हाईत सांगायचे. मी सांगते. अण्णा, तुमाला डाव्या कानानं ऐकू येत न्हाय. त्या दिवशी तुमचं गाणं पार भलतीकडंच पळालंतं. ह्यांच्याबी कानाला त्याच हेडफोनची दुसरी तार हुती, ह्यांनी ऐकलं. तुमी बाहेर सोडायला आणि ह्यांनी तुमचं बंद करून आपलं सोडायला एकच गाठ पडली. तुमची गाडी घसराय नको म्हणून केलं. आणि तवापासनं घरात बसून ऱ्हायल्यात, ना धड जेवत्यात, ना धड बोलत्यात!"

"ए, गप," तानाजी म्हणाला.

अण्णा हसले. "काय तर काय वैनी! ऐकू कसं येत न्हाय? हेडफोन खराब हुते." ते उठले, गोठ्यात गेले. आम्ही मागोमाग गेलो. त्यांनी उजव्या कानात करंगळी घट्ट खुपसली, डोळे मिटले आणि डावा कान धार काढायच्या यंत्राकडे केला.

"कर चालू."

अण्णा तसेच उभे. मग त्यांनी डोळे उघडले. "कर की चालू!"

तानाजीनं त्यांची करंगळी हळूच कानातून काढली.

"चालूच हाय, अण्णा."

थक-थक. थक-थक. म्हैस मान वळवून आमच्याकडे बघत होती.

अण्णा म्हणाले, "तू सांगितलं का न्हाईस?"

"तुमी वाजवायचं बंद केलं असतंसा."

"मग आता काय करणार हाय मी?"

तानाजी म्हशीकडे वळला. "आता म्हशी खोळंबल्यात," तो म्हणाला. "रविवारी येतो. बघू."

परतताना अण्णा फक्त एक वाक्य बोलले. "पाच महिने मी त्याच्या नावानं बोंबलत होतो." आणि नेहमीसारखं 'आता तुमचं' म्हणाले नाहीत. त्या आठवड्यात ते कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. नस गेली होती. यंत्र बसवून बोलणं ऐकू येईल, बारीक ठेका नाही, असं डॉक्टर म्हणाले. अण्णांनी मसाल्याचा डबा फडताळात सगळ्यात वर ठेवला. खाली घर इतकं शांत झालं की मला वाचता येईना.

रविवारी तानाजी खांद्यावर टॉवेल टाकून आला. त्यानं स्वतःच डबा खाली काढला. "चला," म्हणाला.

जनावरांच्या बाजारात सौदा तोंडानं करत नाहीत. दोघं हातांवर टॉवेल टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. अण्णांच्या वडिलांच्या काळी गुळाचा सौदाही असाच व्हायचा, त्यामुळे अण्णांनाही ती बोटं येत होती. तानाजीनं टेबलावर टॉवेल पसरला, अण्णांचा डावा हात त्याखाली घेतला आणि आपल्या हातात धरला. अण्णांनी हेडफोन आता उजव्या, चांगल्या कानाला लावायचा, आपलं पुढचं त्यात ऐकायचं. बाहेरचा ठेका त्या कानाला कळणार नाही. तो तानाजी बोटांनी सांगणार. एक बोट दाबलं की जरा पळव. दोन दाबली की मागं ओढ. मूठ दाबली की सोड. ट्रॅक कुठला, हे मात्र कुणी कुणाला सांगायचं नाही. तो नियम तसाच राहिला.

पहिल्या पाळीला अण्णांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा होता. टॉवेलखाली काहीतरी वळवळलं. अण्णांनी उजव्या हातानं सरकपट्टी वर ढकलली. दोन्ही ठेके एकावर एक असे बसले की सांधा दिसेना. भिंतीपाशी हमाल परत आलेले होते. "अंऽऽ हां!" त्यांच्यातला एक म्हणाला.

मुलांना टॉवेलचं मोठं कुतूहल. "अण्णा, कसला सौदा चाललाय? म्हस घेतलीसा काय?"

"बघालोय अजून," अण्णा म्हणाले. "दूध किती देती त्यावर हाय."

ही जोडी अशी साडेतीन वर्षं वाजली. अण्णांची गाडी पुन्हा कधी घसरली नाही. धाकट्या बंधूंनाही टॉवेलचं खरं कारण शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांची समजूत अशी की भावानं उतारवयात जनावरांचा धंदा सुरू केला आहे, आणि ते त्यातही खूश होते. माघातल्या एका सकाळी अण्णा उठलेच नाहीत.

मागच्या महिन्यात बंधूंनी सगळी सामग्री तानाजीला देऊन टाकली. तो टेम्पो घेऊन आला, तेव्हा मीही गोदामात गेले. हमालांनी स्पीकर चढवले. तानाजी रिकाम्या जागेकडे बघत भिंतीला टेकून बसला. मी शेजारी बसले. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "शेवटच्या रविवारी काय दाबलंत हो? अण्णा केवढे हसले होते."

"काय न्हाय दाबलं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्याडम, दाबायला पैलं वरीसभरच लागलं. मग त्यांचं त्यांनाच जमाय लागलं. पायात काय घालत नव्हते न्हवं? फरशीतनं ठेका वर यायचा, तो त्यांना तळपायाला कळायचा. मला आधी कळलं न्हाय ते. मग एकदा मी मुद्दाम चुकीचं दाबलं. मागं ओढायला पाहिजे हुतं तिथं पळवायला सांगितलं. त्यांनी ऐकलंच न्हाय माझं. बरोबर सोडलं."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. त्यांनी हेडफोन काढल्यावर, टॉवेलखाली हात असतानाच सांगितलं. म्हणालो, अण्णा, तुमाला आता हे लागत न्हाय. सोडू काय हात?"

"मग?"

तानाजीनं आपल्या तळहाताकडे पाहिलं.

"म्हणाले, माझं ऱ्हाऊ दे. तुला लागतंय की."